नाव ओळखलं, पुढे काय लिहायचं?

बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात कवितेवर एक प्रश्न हमखास असतो : ओळीतला अलंकार ओळखा आणि स्पष्ट करा. पहिला भाग बहुतेक मुलांना जमतो. ‘लाइक’ किंवा ‘ॲज’ दिसलं की सिमिली, एकाच अक्षराचे शब्द लागोपाठ आले की ॲलिटरेशन, झाड बोलायला लागलं की पर्सॉनिफिकेशन. पंचाईत होते ती दुसऱ्या भागात. तिथे एक ठरलेलं वाक्य येतं, की या अलंकारामुळे कवितेचं सौंदर्य वाढलं आहे. तेच वाक्य पुढच्या कवितेलाही चालतं आणि त्याच्या पुढच्या कवितेलाही. पुढे बी.ए.ला इंग्रजी घेतलं की संज्ञांची यादी लांबत जाते, मेटॉनिमी येते, ब्लँक व्हर्स येतं, ड्रॅमॅटिक मोनोलॉग येतो. स्पष्टीकरणाचं वाक्य मात्र तेवढंच राहतं.

चाळीस संज्ञांच्या व्याख्या पाठ असलेल्या मुलीला समोरच्या आठ ओळींबद्दल चार वाक्यं सुचू नयेत, याचं कारण तिच्या हुशारीत शोधू नये. आपण या संज्ञा उलट्या दिशेनं शिकवतो. आधी नाव, मग व्याख्या, शेवटी उदाहरण. ज्यांनी ही नावं दिली त्यांचा प्रवास याच्या नेमका विरुद्ध होता. त्यांना वाचताना काहीतरी जाणवलं, ते कशामुळे जाणवलं याचा त्यांनी छडा लावला आणि मग सोयीसाठी त्याला नाव ठेवलं. त्यांच्या वाटेनं चार-सहा संज्ञा तरी नीट पाहू. बाकीच्या मग फार अडवत नाहीत.

मोती, चिल्लर आणि बांगड्या

सुरुवातीला उदाहरण आपल्याच इतिहासातलं घेऊ. १७६१ मध्ये पानिपतावर काय झालं, याची बातमी नानासाहेब पेशव्यांना कळली ती एका सांकेतिक निरोपातून, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्या निरोपात माणसांची नावं नव्हती. विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ यांच्या जागी दोन मोती होते, मोठ्या सरदारांच्या जागी सोन्याच्या मोहरा होत्या आणि सामान्य सैनिकांच्या जागी मोजदादही न झालेली चिल्लर होती.

एका गोष्टीच्या जागी दुसरी ठेवून बोलणं म्हणजे मेटाफर, आपलं रूपक. आय. ए. रिचर्ड्स या समीक्षकानं १९३६ साली त्याचे भाग वेगळे करून दाखवले. जिच्याबद्दल बोलायचं आहे ती गोष्ट म्हणजे टेनर, आणि जिच्या रूपात ती समोर येते ती गोष्ट म्हणजे व्हेइकल. दोन्हींना जोडणारा समान धागा म्हणजे ग्राउंड. पानिपतच्या निरोपात मेलेली माणसं हे टेनर, मोती आणि नाणी हे व्हेइकल, आणि मोल हे ग्राउंड.

इथवर नुसतं ओळखणं झालं. आता विचारायचं की हे व्हेइकल निवडल्यामुळे काय झालं? व्हेइकल एकटं येत नाही, आपलं सगळं जग घेऊन येतं. मोती आणि नाणी म्हटली की त्यांच्यामागून किंमत येते, किमतीची उतरंड येते. मोती गळाला तर हळहळ, मोहर हरवली तर मोठं नुकसान, आणि चिल्लर किती गेली ते कोणी मोजत बसत नाही. हजारो शेतकऱ्यांची पोरं त्या एका रूपकानं चिल्लर होऊन गेली. निरोप लिहिणाऱ्याचा तसा हेतू नसेलही, त्याला फक्त बातमी लपवायची असेल. पण रूपक निवडलं की त्यातली दृष्टीही पदरात पडते.

आणखी एक गोष्ट पाहा. हा निरोप सिमिलीत, म्हणजे उपमेत, लिहिता आला असता का? ‘मोत्यांसारखे ते दोघे’ म्हणायचं तर ‘ते दोघे’ उच्चारावे लागतात, म्हणजे गुपित फुटलं. सिमिली दोन्ही बाजू समोर ठेवते आणि त्या वेगळ्या आहेत याची आठवणही ठेवते. मेटाफरला टेनर गिळून टाकता येतं. (आपल्या काव्यशास्त्रात उपमेय असं पूर्ण लपलं तर त्याला रूपकातिशयोक्ती हे स्वतंत्र नाव आहे. इंग्रजीत दोन्ही मेटाफरच.)

त्याच पानिपताबद्दल मराठीत दुसरं एक वाक्य आहे आणि ते व्याकरणाच्या पुस्तकात लक्षणेचं उदाहरण म्हणून भेटतं : पानिपतावर सव्वा लाख बांगडी फुटली. इथे बांगडी सैनिकासारखी दिसत नाही, दोघांत साम्य काहीच नाही. संबंध आहे तो सहवासाचा आणि रीतीचा. नवरा गेला की बायकोची बांगडी फोडायची, या रिवाजामुळे बांगडी आणि मरण एकमेकांना बांधलेले आहेत. साम्याऐवजी अशा नात्यावर चालणाऱ्या अलंकाराला इंग्रजीत मेटॉनिमी म्हणतात. ‘मंत्रालयानं फाईल अडवली’ म्हणताना आपण मेटॉनिमीतच बोलत असतो, कारण इमारत फाईल अडवत नाही. नातं भागाचं आणि पूर्णाचं असेल, जसं ‘खाणारी तोंडं सहा आणि कमावते हात दोन’, तर त्याला सिनेक्डकी हे खास नाव आहे.

आता दोन्ही वाक्यं शेजारी ठेवा. नाण्यांच्या रूपकानं सामान्य सैनिक मोजायचासुद्धा सोडून दिला. बांगडीच्या मेटॉनिमीनं प्रत्येक सैनिकामागे एक घर आणि एक बाई उभी केली, आणि सरदार व शिपाई हा भेदही पुसला. मरण तेच, लढाईही तीच, फक्त अलंकार बदलला आणि शोक कोणाचा हे बदललं. ‘स्पष्ट करा’ या शब्दांत परीक्षक हेच मागत असतो.

चार्ल्स डिकन्सच्या ‘हार्ड टाइम्स’ (१८५४) या कादंबरीत कोकटाउन नावाचं गिरण्यांचं गाव आहे. तिथल्या कामगारांना सरसकट ‘हँड्स’ म्हणतात. उत्तरपत्रिकेत ‘ही सिनेक्डकी आहे’ एवढं लिहून थांबू नये. गिरणीमालकाला माणसाचा कामाला येणारा तेवढाच अवयव दिसतो, डोकं आणि पोट दिसत नाही, हे त्या एका शब्दात डिकन्सनं पकडलं आहे. एवढं लिहिलं की उत्तर पुरं झालं.

मीटर : कान कुठे अडतो

छंदाच्या धड्यापाशी, म्हणजे मीटरपाशी, मराठी मुलं सर्वांत जास्त हात टेकतात. ‘आयँबिक पेंटामीटर’ हे नाव पाठ होतं, पण ओळ वाचताना त्यातलं काही ऐकू येत नाही. याचं कारण आपल्या कानाच्या सवयीत आहे.

मराठी वृत्त अक्षराला लागणारा वेळ मोजतं. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे धागा. ऱ्हस्व-दीर्घानं अर्थ फिरतो, म्हणून आपले कान लांबीला सरावलेले आहेत. रामदासांचे मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत, म्हणजे प्रत्येक चरणात चार ‘य’ गण, ल-गा-गा चार वेळा. शाळेत वृत्ताचं नाव न शिकलेली आजीसुद्धा ते म्हणताना एकही गुरू आखूड करत नाही.

इंग्रजी छंद वेळेपेक्षा आघात मोजतो. तोंडातून निघणाऱ्या शब्दाच्या एका तुकड्यावर जोर पडतो, आवाज थोडा चढतो, आणि बाजूच्या तुकड्यांतले स्वर मंद होतात. या जोराला स्ट्रेस म्हणतात. इंग्रजीत अर्थ अनेकदा त्यावर फिरतो. ‘परमिट’मध्ये जोर पहिल्या तुकड्यावर पडला तर तो परवाना, दुसऱ्यावर पडला तर परवानगी देण्याची क्रिया. ‘रेकॉर्ड’चंही तसंच, पहिल्या तुकड्यावर जोर म्हणजे नोंद आणि दुसऱ्यावर म्हणजे नोंदवणं. मराठी माणूस दोन्ही तुकडे जवळजवळ सारख्या वजनानं उच्चारतो. बोलताना त्यानं बिघडत नाही, पण त्याच उच्चारानं शेक्सपिअर वाचला की छंद सपाट होतो आणि विद्यार्थ्याला वाटतं की मीटर ही पुस्तकातच असणारी गोष्ट आहे.

म्हणून एक साधी ओळ घेऊ, छंद समजण्यापुरती रचलेली : द बॉय हॅज गॉन टु बाय अ कप ऑफ टी. मोठ्यानं म्हणा आणि बॉय, गॉन, बाय, कप, टी या पाच जागी टेबलावर बोट आपटा. मधले द, हॅज, टु, अ, ऑफ हे शब्द भरकन जाऊ द्या. दबलेला एक आणि जोराचा एक, अशा जोडीला आयँब म्हणतात. अशा पाच जोड्या म्हणजे पेंटामीटर. शेक्सपिअरच्या नाटकांचा आणि १६०९ मध्ये छापल्या गेलेल्या त्याच्या १५४ सुनीतांचा मुख्य साचा हाच आहे.

मराठी विद्यार्थ्याला इथे एक खास सोय आहे आणि ती कोणी सांगत नाही याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. आयँब, ट्रोकी, डॅक्टिल, ॲनापेस्ट ही नावं मुळात ग्रीक छंदशास्त्रातली आहेत, आणि ग्रीक छंद आपल्यासारखाच लघु-गुरूंवर चालायचा. ग्रीकांचा आयँब म्हणजे ल-गा, ट्रोकी म्हणजे गा-ल. डॅक्टिल म्हणजे गा-ल-ल, आपला ‘भ’ गण. ॲनापेस्ट म्हणजे ल-ल-गा, आपला ‘स’ गण. इंग्रजीनं नावं उचलली आणि लघूच्या जागी दबलेला तुकडा, गुरूच्या जागी जोराचा तुकडा बसवला. ‘यमाताराजभानसलगं’ ज्याला येतं त्याच्याकडे आराखडा आधीच असतो. त्याला फक्त लांबीच्या जागी जोर ऐकायला शिकायचं असतं.

आता पुढची पायरी. मीटर आणि ऱ्हिदम, म्हणजे छंद आणि लय, यांत घोटाळा होतो. गाण्याच्या बैठकीत तबलजी ठेका धरून असतो आणि गायिका शब्द कधी मात्रेवर ठेवते, कधी मागे ओढते, कधी पुढे फेकते. ठेका मनात पक्का असतो म्हणूनच तिचं ते मागेपुढे होणं कळतं आणि समेवर येणं सुखावतं. मीटर हा ठेका, ऱ्हिदम हे गाणं. आपली ओळ जरा बदलू : वेटिंग अलोन, द बॉय हॅज बॉट सम टी. तुकडे दहाच आणि पुढच्या चार जोड्याही आयँबच्या. पण ‘वेटिंग’चा जोर ‘वे’वर आहे, म्हणजे पहिली जोडी उलटली, ट्रोकी झाली. अपेक्षा दबलेल्या आवाजाची होती आणि सुरुवातीलाच ठोका पडला. वाट पाहण्यातली अधीरता व्याकरणानं सांगण्याआधी कानाला कळली. शेक्सपिअर आणि मिल्टन यांच्या ओळींत अशा उलटलेल्या जोड्या सतत भेटतात. छंद ओळखल्यावर पुढचं काम एवढंच, की तो कुठे मोडला आणि त्याच शब्दापाशी का मोडला हे पाहायचं.

‘मग’ आणि ‘म्हणून’

कादंबरीचा प्लॉट लिहा म्हटलं की मुलं गोष्ट सांगायला लागतात. ई. एम. फॉर्स्टर या कादंबरीकारानं केंब्रिजमध्ये दिलेली व्याख्यानं १९२७ मध्ये ‘ॲस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल’ या नावानं छापली गेली. त्यात त्यानं हा भेद कायमचा स्पष्ट केला. घटना काळाच्या क्रमानं मांडल्या की ती स्टोरी, आणि कारणाच्या धाग्यानं बांधल्या की तो प्लॉट. विहीर आटली, मग बाळूनं गाय विकली, ही स्टोरी. विहीर आटली म्हणून, आणि शेजाऱ्याकडे पाणी मागणं अपमानाचं वाटलं म्हणून, बाळूनं गाय विकली, हा प्लॉट. स्टोरी ऐकणारा ‘मग काय झालं?’ विचारतो, प्लॉट वाचणारा ‘का?’ विचारतो.

कारणाचा धागा हातात असला की लेखकाला क्रमही फिरवता येतो. सोफोक्लिसच्या ‘ईडिपस’मध्ये बापाचा खून आणि आईशी लग्न नाटक सुरू होण्याच्या कितीतरी आधी घडून गेलेलं आहे. नाटक उघडतं ते थीब्ज नगरीतल्या रोगराईपाशी, आणि राजा गुन्हेगार शोधायला निघतो. प्रेक्षकाला दंतकथा ठाऊक असते, राजाला सत्य ठाऊक नसतं. पात्रापेक्षा प्रेक्षकाला जास्त माहीत असण्यातून जो ताण निर्माण होतो तो ड्रॅमॅटिक आयरनी. काळाच्या क्रमानं सांगितलं असतं तर हा ताण उरला नसता.

चौकट : नेहमी घोटाळा होणाऱ्या जोड्या

ब्लँक व्हर्स / फ्री व्हर्स : ब्लँक व्हर्समध्ये यमक नसतं पण आयँबिक पेंटामीटर असतो. सोळाव्या शतकात अर्ल ऑफ सरेनं व्हर्जिलच्या भाषांतरासाठी तो वापरला, पुढे नाटकांनी उचलला. मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’ला (१६६७) यमक का नाही याचा खुलासा त्याला नंतर जोडावा लागला. फ्री व्हर्समध्ये ठरावीक छंदही नसतो.

सॉलिलक्वी / ड्रॅमॅटिक मोनोलॉग : पहिल्यात पात्र एकटं असतं आणि मनातलं मोठ्यानं बोलतं. दुसऱ्यात समोर कोणीतरी ऐकत असतं, पण आपल्याला त्याचा आवाज ऐकू येत नाही.

पेट्रार्कन / शेक्सपिअरन सॉनेट : दोन्हींच्या ओळी १४. पहिल्यात आठ आणि सहा अशी वाटणी, साधारण नवव्या ओळीपाशी विचार वळतो. दुसऱ्यात चार-चार ओळींचे तीन गट आणि शेवटी दोन ओळी. मराठीत हा प्रकार केशवसुतांनी आणला.

फ्लॅट / राउंड कॅरॅक्टर : एका गुणात मावणारं पात्र फ्लॅट. पटेल अशा रीतीनं आपल्याला चकित करू शकणारं पात्र राउंड. हीही फॉर्स्टरचीच जोडी.

हे बोलतंय कोण?

सगळ्या संज्ञांतून एकच निवडायला सांगितली तर मी नॅरेटर, म्हणजे निवेदक, निवडेन. ‘लेखक म्हणतो’ हे दोन शब्द उत्तरपत्रिकेत सहज लिहिले जातात आणि वाचन तिथेच फसतं.

जोनाथन स्विफ्टचा ‘अ मॉडेस्ट प्रपोजल’ हा लेख १७२९ मध्ये निनावी छापला गेला. त्यात बोलणारा माणूस शांतपणे, हिशेब मांडत, सुचवतो की आयर्लंडमधल्या गरिबांची तान्ही मुलं श्रीमंतांनी खाण्यासाठी विकत घ्यावीत. ‘स्विफ्ट म्हणतो’ असं इथे लिहिलं तर अनर्थ होतो. स्विफ्टनं एक हिशेबी, सभ्य, स्वतःला परोपकारी समजणारा माणूस घडवला आणि त्याला बोलू दिलं. अशा घडवलेल्या बोलणाऱ्याला पर्सोना म्हणतात. वाचकाचा संताप त्याच्यावर आणि मग आयर्लंडला उपाशी ठेवणाऱ्यांवर वळावा, यासाठी सगळी रचना आहे. बोललेल्याच्या उलट अर्थ पोचवणारी ही व्हर्बल आयरनी पूर्ण लेखभर टिकवली आहे.

रॉबर्ट ब्राउनिंगच्या ‘माय लास्ट डचेस’मध्ये (१८४२) एक सरदार आपल्या मृत पत्नीचं चित्र पाहुण्याला दाखवतो. पाहुणा नव्या सोयरिकीच्या बोलणीसाठी आलेला दूत आहे. सरदार बायकोच्या तक्रारी सांगत जातो, आणि त्या ऐकता ऐकता आपल्याला बायको निर्दोष आणि तो भयंकर वाटायला लागतो. त्याला वाटतं तो तिच्याबद्दल बोलतो आहे. ज्याच्या सांगण्यावर भरवसा ठेवता येत नाही अशा बोलणाऱ्याला वेन बूथ या समीक्षकानं १९६१ मध्ये अनरिलायेबल नॅरेटर हे नाव दिलं. काझुओ इशिगुरो यांच्या ‘द रिमेन्स ऑफ द डे’मधला (१९८९) बटलर स्टीव्हन्स हे त्याचं फार हळवं उदाहरण आहे. तो वाचकाशी ठरवून खोटं बोलत नाही, फक्त स्वतःच्या दुःखाकडे पाहायचं टाळतो.

सर्वांत चकवणारा प्रकार मात्र ‘तो’ आणि ‘ती’ वापरणाऱ्या निवेदनात आहे. तीन वाक्यं वाचा.

सुमन मनाशी म्हणाली, “आज तरी हा माणूस वेळेवर येईल का?”

आज तरी तो वेळेवर येईल की नाही, असा प्रश्न सुमनला पडला.

सुमननं घड्याळ पाहिलं. साडेसात वाजून गेले होते. आज तरी येणार होता का हा माणूस वेळेवर!

पहिलं वाक्य सुमनचं, दुसरं निवेदकाचं. तिसऱ्यात ‘सुमन म्हणाली’ नाही, अवतरणचिन्हं नाहीत, क्रियापदाचा काळ निवेदकाचा आहे, पण चिडचिड सुमनची आहे. दोन आवाज एका वाक्यात मिसळले. याला फ्री इनडायरेक्ट डिस्कोर्स म्हणतात. इंग्रजी कादंबरीत जेन ऑस्टिननं ही रीत पूर्णत्वाला नेली. फ्रेंचमध्ये गुस्ताव फ्लोबेरनं तिच्यावर ‘मादाम बोवारी’ उभी केली, आणि त्यापायी त्याला कोर्टात उभं राहावं लागलं.

१८५७ च्या सुरुवातीला पॅरिसमध्ये हा खटला चालला. सरकारी वकील एर्नेस्त पिनार यांनी कादंबरीतला एक उतारा पुढे केला. प्रियकर मिळाल्यावर एमा बोवारी आरशात स्वतःला पाहते आणि आनंदानं भारावून जाते, तो प्रसंग. हे व्यभिचाराचं गुणगान आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. पण ते भारावलेपण एमाचं होतं. स्वस्त प्रेमकथा वाचून तिच्या डोक्यात भरलेल्या कल्पना तिच्याच शब्दांत निवेदनात उतरल्या होत्या, आणि लेखक ‘असं तिला वाटलं’ हे सांगायला मध्ये आलेला नव्हता. पिनार यांनी पात्राचा आवाज लेखकाच्या नावावर मांडला. फ्लोबेर फेब्रुवारीत निर्दोष सुटला, पण कोर्टानं पुस्तकावर ताशेरे ओढले. त्याच वर्षी बोदलेअरच्या कवितासंग्रहावरही पिनार यांनीच खटला चालवला.

असं वाक्य ओळखायची सोपी खूण आहे. वाक्याच्या शेवटी ‘असं तिला वाटलं’ जोडून पाहायचं. अर्थ न बिघडता ते बसलं, तर तो आवाज बहुधा पात्राचा आहे. ही खूण घेऊन ऑस्टिनची ‘एमा’ दोनदा वाचावी. एमा वुडहाउस गावातल्या लोकांची लग्नं जुळवायच्या खटपटीत असते आणि कोण कोणावर भाळलं आहे याचे तिचे अंदाज साफ चुकतात. पहिल्या वाचनात आपणही तिच्याबरोबर फसतो, कारण तिचे अंदाज निवेदकाच्या ठाम वाक्यांत आलेले असतात. दुसऱ्या वाचनात पेन्सिल हातात ठेवावी आणि ‘असं तिला वाटलं’ जिथे जिथे बसतं तिथे समासात एक रेघ ओढावी. पहिल्या काही प्रकरणांतच कितीतरी रेघा पडतील.